साडेसातचीतली पोपटी

प्रमिला गेली त्याच्या सोळाव्या दिवशी तिचा फोन वाजला. संध्याकाळचे आठ वाजून गेले होते. तिचा फोन मी रोज चार्ज करत होतो, पण त्यावर कुणी फोन करेल असं वाटलं नव्हतं.

पलीकडे दिपिका होती, माझा मेव्हणा महिपत याची मुलगी. ती मला मामा म्हणते.

"मामा, आजी विचारते, आज साडेसातचीत काय झालं?"

मला आधी काही कळलंच नाही. मी म्हटलं, कसली साडेसातची?

"टीव्हीतली वो. आत्या रोज सांगायची ना आजीला."

मग कळलं. साडेसातला एक मालिका लागते. तिचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, साडेसातची म्हटलं की झालं. प्रमिला ती बघायची आणि आठ वाजता आईला फोन करून सगळी सांगायची. माझ्या सासूबाई, बाईजा, मुरबाड तालुक्यात सरळगावच्या अलीकडे एका गावात महिपतकडे राहतात. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला चार वर्षं झाली. महिपतकडे टीव्ही आहे, मालिका ऐकता येते. पण त्यांना ती नको असायची. "त्यातली माणसं लय भरभर बोलतात आन मधेच वाजवत बसतात. पमी सांगते ती बरी," असं म्हणायच्या.

मी सापगावात पिठाची गिरणी चालवतो. पट्ट्याच्या आवाजात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे मला ऐकू कमी येतं. साडेसातला मी ताट घेऊन तिथेच बसलेला असायचो, पण मी मालिका कधी बघितली नाही. प्रमिला मात्र टीव्हीशी भांडायची, आणि ते मला ऐकू यायचं. "एवढी चौदा माणसं घरात, कुणी तांदूळ निवडताना दिसत नाय." "झोपताना पण नथ घालते, नाक तुटंल बाई तुझं." "अगो दाराआड उभी ऱ्हाऊन काय ऐकते, आत जा आन विचार." मी म्हणायचो, ती ऐकणार हाय का तुझं? ती म्हणायची, "ऐकत नाय म्हणूनच तर सातशे भाग झाले."

तर त्या दिवशी दिपिकाने विचारलं, आणि मी म्हटलं, मी बघितली नाय गो. पलीकडे कुजबुज झाली. मग दिपिका म्हणाली, "आजी म्हणते, उद्या बघा."

आता एक सांगायला हवं. सासूबाईंचा माझ्यावर राग होता. प्रमिलाला गाठ आहे हे जूनमध्ये कळलं. सात महिने आम्ही मुंबईच्या हॉस्पिटलात खेपा घातल्या. सासूबाईंना शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. महिपतलाही दिवाळीनंतरच कळलं, तेही आईला सांगणार नाही अशी शपथ घेऊन. प्रमिलाच तसं म्हणाली होती. "तिचे डोळे गेलेत, आता आणखी काय घालायचं तिच्या पदरात. मी बरी झाले की मीच सांगेन." ती रोज आठला फोन करायची, उठवत नसेल तेव्हा पडून, आणि आवाज असा काढायची की मलाच खोटं वाटायचं की ही आजारी आहे.

ती गेली तेव्हा महिपतने सासूबाईंना जीपने आणलं. त्यांनी चाचपून मुलीचा चेहरा धरला, कपाळावरून हात मागे नेला. डोक्याला फडकं बांधलेलं होतं. फडकं सरकलं. हाताला केस लागले नाहीत. त्या रडायच्या थांबल्या. दहाव्याला घाटावर त्या महिपतला म्हणाल्या, "त्यांना विचार, माझ्या पोरीचे केस कुठं गेले." मी म्हटलं, आजारात गेले. "त्यांना विचार, मला का नाय कळवलं." त्यावर मी काही बोललो नाही. प्रमिलाने नको सांगितलं होतं, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण मेलेल्या माणसावर काय ढकलायचं. आणि ते आईसमोर.

आम्हाला मूलबाळ नाही. बायको गेली की सासुरवाडीशी माझ्यासारख्याचं नातं काय राहतं? वर्षश्राद्धापर्यंत राहतं, मग ते पण नाही. तो फोन आला नसता तर आमचं बोलणं दहाव्याच्या त्या प्रश्नावरच संपलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी साडेसातला मी गिरणी बंद केली आणि टीव्ही लावला.

अर्धा तास बघितलं. त्यातला एकही जण मला ओळखू येईना. आठला फोन लावला.

"सांगा मामा, स्पीकरवर हाय," दिपिका म्हणाली.

"एक बाई दुसऱ्या बाईला बोलत होती. मग तिसरी आली. तिनं ऐकलं. संपली."

पलीकडे सासूबाईंचा आवाज आला. त्या माझ्याशी नाही, दिपिकाशी बोलत होत्या. आमच्याकडे सासू जावयाशी तोंडाने बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि बाजूच्या माणसाला सांगते, तो माणूस जावयाला सांगतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्या माझ्याशी एक शब्द सरळ बोललेल्या नव्हत्या. फोनवरही त्या पदर ओढूनच बसतात, असं दिपिकाने मला नंतर सांगितलं.

"विचार त्यांना, शिळी भाकर आली का घरी."

"मामा, शिळी भाकर आली का?"

"कसली भाकर?"

"विचार, का डब्यानं परत आग लावली."

"मामा, डब्यानं आग लावली का?"

मी म्हटलं, आग वगैरे काही दाखवली नाय. स्वयंपाकघर दाखवलंच नाय.

दिपिका हसायला लागली. मग तिने समजावलं. प्रमिलाने मालिकेतल्या माणसांना आपली नावं ठेवली होती. खरी नावं सासूबाईंच्या लक्षात राहत नसत. त्यातली सासू म्हणजे डबा, कारण ती रिकामी वाजते. हिरो म्हणजे शिळी भाकर, कारण कसाही वाकवला तरी चेहरा हलत नाही. सून गोरी पाल, भिंतीला चिकटून सगळ्यांचं ऐकते म्हणून. मधल्या जावेचा नवरा येसटीचा हॉर्न. म्हाताऱ्याचं नाव नुसतंच 'हां हां', कारण तो दुसरं काही बोलत नाही.

"आजी म्हणते, त्यांना गिरणीतली माणसं वळखतात का विचार."

"वळखतात म्हण."

"आजी म्हणते, मग हीच कशी नाय वळखत."

मी पिठाच्या पिशवीचा कागद घेतला आणि त्यावर लिहिलं. लाल साडी, मोठं कुंकू: डबा. दाढी: शिळी भाकर. असं करत करत दहा-बारा दिवसांत मला निम्मी माणसं ओळखू यायला लागली. पण मला प्रमिलासारखं सांगता येत नाही. मी झालं ते सांगायचो. डबा रागावली. शिळी भाकर निघून गेला. हां हां म्हणाला, हां हां.

"विचार, रागावली तेव्हा हातात काय होतं."

"आरतीचं ताट."

"मग ताट टाकलं का ठेवलं?"

"ठेवलं बहुतेक."

"पमी असती तर सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या. हे त्या दिपिकाला म्हणाल्या, पण स्पीकर चालू होता.

दमायला व्हायचं. दिवसभर भात आणि नाचणीच्या पिठात उभं राहायचं, संध्याकाळी एक भांडं आमटी करायची, ती खाताना त्या लोकांकडे लक्ष द्यायचं. त्यांच्या घरात रोज कुणीतरी कुणालातरी फसवत असतं. मला त्यांचा कंटाळा यायचा. पण आठला फोन लावल्यावर सासूबाईंचा आवाज यायचा, दिपिकाच्या आडून का होईना, आणि फोन ठेवताना त्या म्हणायच्या, "म्हणाव, जेवा." तेवढ्यासाठी मी बघत होतो. राग गेला नव्हता हे मला कळत होतं. प्रमिलाचं नाव निघालं की त्या थांबायच्या, आणि दहाव्याचा प्रश्न तसाच मधे उभा राहायचा.

मग मार्चमध्ये ती चूक झाली.

त्या दिवशी अर्ध्या तासात काहीच घडलं नाही. सगळे सोफ्यावर बसले होते आणि आलटून पालटून एकमेकांचे चेहरे दाखवत होते. आता आठला काय सांगणार, म्हणून मी घरातल्या वस्तू बघायला लागलो. पडदे कसले आहेत, भिंतीवर काय आहे. म्हटलं, निदान ते तरी सांगू.

"काय घडलं नाय आज," मी फोनवर म्हटलं. "भिंतीला नवीन रंग दिलाय. सोफ्यामागं एका बाईचा फोटो हाय, हार घातलेला. पोपटी साडी हाय तिला, गळ्यात मोत्याची माळ."

पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"दिपिका?"

"हां मामा." मग ती हळू म्हणाली, "आजी म्हणते, पोपटी तर बरी झालीय. सासरी गेलीय."

"कोण पोपटी?"

"घरातली मधली मुलगी. सारखी पोपटी नेसायची म्हणून पोपटी. डोक्यात गाठ होती ती. आत्यानं सांगितलं होतं, ऑपरेशन होऊन बरी झाली."

मी म्हटलं, मला ठाऊक नाय गो, मी नवीन बघतोय, दुसरीच कोण असंल. पण सासूबाई उठून गेल्या होत्या. त्या रात्री 'जेवा' कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन मीना आली. आमच्या शेजारची. संध्याकाळी ती बऱ्याचदा प्रमिलाबरोबर टीव्हीला बसायची. मी तिला विचारलं, साडेसातचीत मधली मुलगी होती तिचं काय झालं.

"अवो सुरेंद्रभाऊ, ती दिवाळीच्या आधीच मेली की. तुमी तिथंच जेवत होता."

"प्रमिलानं बघितलं होतं?"

"माझ्या बाजूलाच बसली होती. मी रडत होते. वहिनी नाय रडली. म्हणाली, मेकपवाल्याला हिला नीट आजारी पण करता आली नाय. मरायला टेकली तरी वेणी बघ, एक केस इकडचा तिकडं नाय." मीना पिशवी बांधत थांबली. "मला तेव्हा काय कळलं नाय. वहिनीच्या डोक्याला फडकं होतं, मला वाटलं न्हायलीय."

मग ती पीठ घेऊन गेली. मी पट्टा बंद करून बसलो.

प्रमिलाने आईला मालिका जशी होती तशी सांगितलीच नव्हती. आणि आता सासूबाईंना वाटणार, की हाच खोटं बोलतोय. बायकोचं दुखणं लपवलं आणि मालिकेत बरी झालेली पोरगी हार घालून मारली. किंवा त्यांना खरं काय ते कळणार, आणि ते त्याहून वाईट. मला दोन्ही नको होतं. आठला मी फोन लावला. दिपिका म्हणाली, आजी आज नको म्हणते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी टीव्ही लावलाच नाही.

चौथ्या दिवशी गिरणीला कुलूप घातलं आणि शहापूर स्टँडवरून मुरबाडची येसटी धरली. किन्हवलीपर्यंत उभाच होतो. फाट्यावर उतरून पाऊण तास चाललो. वाटेत ठरवत होतो काय म्हणायचं. म्हणायचं, की फोटो दुसऱ्याच बाईचा होता, मला दिसायला चुकलं. पोपटी सासरी आहे, सुखात आहे. एवढं खोटं मला बोलता येईल असं वाटलं. प्रमिलाने सात महिने केलं, मी एक दुपार केलं असतं.

घरी सासूबाई एकट्याच होत्या. ओटीवर सुपात वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. महिपत कामावर, त्याची बायको रानात, दिपिका मुरबाडला कॉलेजात. माझ्या चपलेचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोण?"

"मी. सापगावचा."

त्यांनी पदर पुढे ओढला. "दिपिके," अशी हाक मारली. उत्तर नाही. "घरात कोण नाय का?" हे त्यांनी भिंतीला विचारलं.

"कोण नाय," मी म्हटलं.

मी पायरीवर बसलो. बराच वेळ त्या शेंगा सोलत राहिल्या. वाल सुपात पडत होते. एक कोंबडी वर चढली, तिला त्यांनी बरोबर हात मारून हाकललं. त्या कुणालातरी सांगायला शोधत होत्या आणि कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी तोंड माझ्याकडे नाही, अंगणाकडे केलं.

"पोपटी कधी मेली?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या. रस्त्यात ठरवलेलं मला काहीच आठवेना.

"दिवाळीच्या आधी," मी म्हटलं.

"पमीनं बघितलं?"

"बघितलं."

"मला म्हणाली, ऑपरेशन झालं, पोरगी तिसऱ्या दिवशी उठून बसली. सासरच्यांनी दोन म्हशी घेतल्या तिच्या दुधासाठी."

"त्या मालिकेत म्हशी नायत. एक जनावर नाय."

"म्हशींची नावं पण सांगितली मला तिनं." त्यांनी एक शेंग सोलली. "मला वाटायचंच, टीव्हीतले लोक म्हशी कशाला घेतील. पण म्हटलं, घेतल्या असतील."

मला हसू आलं आणि मग राहिलं नाही.

"तिची ही पयल्यापासनंची खोड," सासूबाई म्हणाल्या. "लहान होती तेव्हा म्हसा गावच्या जत्रेत पेटीला डोळा लावून आतली चित्रं बघून यायची. चार आण्यात चार चित्रं. घरी येऊन दहा सांगायची. गल्लीतल्या बायका बसून ऐकायच्या. चित्रात वाघ मेला असला तरी तिच्या सांगण्यात उठून जायचा." शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "मला सांगू नका, असं तीच म्हणाली ना तुमाला?"

मी बोललो नाही.

"गप बसलात म्हंजे होय."

"होय."

"मग दहाव्याला का नाय बोललात? माणसं होती तिथं, सगळ्यांनी ऐकलं असतं."

"म्हणून नाय बोललो."

त्या शेंगेचं साल काढत राहिल्या. "मी दीड महिना तुमाला शिव्या घालते."

"मला ऐकू कमी येतं," मी म्हटलं.

"मोठ्यानं नाय घातल्या." मग म्हणाल्या, "दिवाळीत तिनं मला फोनवर म्हटलं, आये, चकली बिघडली गो. मी तिला अर्धा तास भाजणी सांगितली. तेव्हा ती कुठं होती?"

"हॉस्पिटलात. खाटेवर."

"चकली केलीच नव्हती."

"नाय."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता रडतील, पण त्या रडल्या नाहीत. त्यांचा आवाज फोनवर यायचा तसाच झाला, कोरडा, पुढचं विचारणारा.

"केस कधी गेले?"

"ऑगस्टात. गळायला लागले तशी तीच म्हणाली कापा. मीच कापले, घरातल्या कात्रीनं. वेडेवाकडे कापले."

"मग कोण तिला काय बोललं?"

"कोण कशाला बोलेल. ती मला बोलली. म्हणाली, मेंढराला पण असं कापत नायत."

सासूबाईंचे ओठ हलले. "असं नको," त्या म्हणाल्या. "असं मधनं मधनं नको. पयल्यापासनं सांगा. जून म्हणालात ना. जूनपासनं. काय गाळायचं नाय, आन बरं वाटावं म्हणून काय घालायचं नाय. तिनं घातलं तेवढं पुरं झालं."

मी जूनपासून सुरू केलं. सांगता मला येत नाही, ते त्यांना माहीत होतं. मी म्हणायचो, डॉक्टरने तपासलं. त्या विचारायच्या, डॉक्टर बाई का बाप्या. मी म्हणायचो, बाई. कशी होती? बारीक, चष्मा. पमी तिला काय म्हणायची? मला आठवावं लागलं. मग आठवलं, प्रमिला तिला शेवगा म्हणायची. सासूबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, हां, पुढं.

जुलैच्या शेवटी एक दिवस होता, ज्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, फार आशा धरू नका. तिथे आलो आणि मी थांबलो. ते मी प्रमिलालाही सांगितलं नव्हतं. तिला मी सांगितलं होतं की पन्नास टक्के आहे. ती म्हणाली होती, पन्नास म्हंजे पास. सासूबाईंनी ओळखलं मी थांबलोय ते.

"गाळू नका."

मग तेही सांगितलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्हंजे तुमी पण तिच्याशी खोटं बोललात," त्या म्हणाल्या.

"होय."

"तिला कळलं असंल?"

"काय ठाऊक. कळलं असलं तरी बोलली नाय."

त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढून एक शेंग हातात घेतली. ऊन ओटीवर चढलं तेव्हा आम्ही दोघे सूप घेऊन आत सरकलो. त्यांनी चाचपून मला पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी प्यालो, ऑगस्ट सांगितला, सप्टेंबर सांगितला, गणपतीत तिला ताप चढला होता तो सांगितला. साडेचारची परतीची बस फाट्यावरून गेली असेल, तेव्हा आम्ही अजून दिवाळीपर्यंत आलो नव्हतो.